कल्याण स्लो

कळवा स्टेशनात संध्याकाळी उभं राहिलं की दर थोड्या वेळाने घोषणा कानावर पडते, कल्याणला जाणारी धीमी लोकल येते आहे. पुढे मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली आणि मग कल्याण. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला आलेल्या सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर ‘समाजाचे कल्याण’ असं लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं होतं, “स्लो की फास्ट, सर?” वर्ग हसला, सरही हसले. त्यानंतर या विषयावरचं जे हाती लागेल ते वाचत आलो. पण तेवढा नेमका प्रश्न विचारणारे शोधनिबंध थोडेच भेटले.

या विद्येचे आजोबा म्हणजे केंब्रिजचे आर्थर पिगू. कल्याणाच्या अर्थशास्त्रावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक १९२० सालचं. त्यातली उदाहरणं आजही ताजी वाटतात. कारखान्याच्या धुराड्यांमुळे शहरातल्या घराघरात कपडे धुण्याचा खर्च वाढतो. आगगाडीच्या इंजिनातून उडालेल्या ठिणग्यांनी रुळालगतची झाडी पेटते. हा तोटा ना गिरणीमालकाच्या वहीत चढतो, ना रेल्वे कंपनीच्या. सरकारने तो कर लावून वसूल करावा, हे पिगूंचं सांगणं, आणि आजच्या कार्बन कराचं मूळ तेच. पण त्यांनी एक सोयही करून घेतली होती. कल्याणाचा जो भाग पैशाच्या मापाने मोजता येतो तेवढाच अभ्यासाला घेऊ, उरलेलं कल्याण साधारण त्याच दिशेने जाईल, असं त्यांनी धरून चाललं. गेल्या शंभर वर्षांतलं भांडण या ‘साधारण’वरच आहे. हवामानबदल आला आणि ते भांडण ग्रंथालयातून फलाटावर आलं.

कळव्यात ते अक्षरशः फलाटावर आलं. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने दहा साध्या लोकल फेऱ्यांच्या जागी एसी फेऱ्या सुरू केल्या. कळव्याला कारशेड आहे. तिथून सकाळी निघणाऱ्या गाडीत आधीच चढून बसायला मिळावं म्हणून माणसं रुळांमधून चालत कारशेडपर्यंत जातात. नियमाने हे चूक आहे, पण ठाण्याच्या आधी कळव्यात उभ्या राहिलेल्या माणसाला भरून आलेल्या कल्याण लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, हेही तितकंच खरं. अशात एके सकाळी कारशेडमधून एसी गाडी बाहेर पडली. लोकांनी ती अडवली. दोन-चार दिवसांत बदलापूरलाही तेच झालं. आठवडाभरात रेल्वेने दहाही फेऱ्या मागे घेतल्या.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून आणि दिवाणखान्यांतून एक सूर निघत होता: बघा, चांगलं काही दिलं तर लोकांना नको असतं. मे २०२२ मध्ये एसी लोकलचं तिकीट निम्म्यावर आणलं होतं, किमान भाडं ६५ रुपयांवरून ३० झालं होतं. साध्या डब्याचं किमान भाडं ५ रुपये आहे, हे मात्र त्या चर्चेत कोणी फारसं काढलं नाही. पासातला फरकही कित्येक पट. म्हणजे ज्याला तो परवडत नाही त्याच्या दृष्टीने एक गाडी वाढली नव्हती, एक गाडी कमी झाली होती. उरलेल्या गर्दीत त्याने आणखी थोडं आत दाबून घ्यायचं होतं.

हा प्रसंग मी या लेखात पुन्हा पुन्हा काढणार आहे. आर्थिक विकास, माणसाचं समाधान आणि हवामानाचं धोरण या तिन्हींवरचं संशोधन एका सकाळी एका रुळावर समोरासमोर उभं राहिलेलं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आधी समाधानाचं बघू. अमेरिकेतले रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ साली एक कोडं मांडलं. एका देशात एका वेळी पाहिलं तर श्रीमंत माणसं गरिबांपेक्षा अधिक समाधानी असल्याचं सांगतात. पण सगळा देश वर्षानुवर्षं श्रीमंत होत गेला तरी त्याचं सरासरी समाधान त्या मानाने वाढताना दिसत नाही. २००८ मध्ये स्टीव्हन्सन आणि वुल्फर्स यांनी अधिक देशांची आकडेवारी घेऊन हे कोडं खोडून काढलं, ईस्टरलिन शेवटपर्यंत आपल्या म्हणण्याला चिकटून राहिले. २०१० मध्ये डॅनिएल काहनमन आणि अँगस डीटन यांनी वर्षाला ७५ हजार डॉलरपुढे रोजच्या आनंदात भर पडत नाही असं दाखवलं, तो आकडा जगभर गाजला. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी तसं नाही असं दाखवलं आणि २०२३ मध्ये काहनमन आणि किलिंग्सवर्थ यांनी एकत्र बसून मध्यममार्ग काढला. वादाची ही पद्धत मला फार आवडली, आपल्याकडच्या परिसंवादांनी शिकण्यासारखी आहे. पण ७५ हजार डॉलरची रेघ कळव्यातून दिसत नाही, तेव्हा हा सगळा वाद इथे दुरून बघण्याचा.

आनंदाच्या जागतिक क्रमवारीचंही तसंच. २०२५ च्या यादीत १४७ देशांत भारत ११८ वा. दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा आणि तुम्ही कितव्या पायरीवर आहात ते सांगा, हा त्यातला मूळ प्रश्न. आमच्याकडे इस्त्रीचे कपडे न्यायला येतात त्या काकांना मी तो विचारून पाहिला. ते म्हणाले, “शिडी कोणाची आहे?” मी पुढे विचारलं नाही.

खरा उपयोगाचा वाटतो तो काहनमन यांचाच २००४ चा अभ्यास. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना त्यांनी कालचा दिवस एकेका प्रसंगात तोडून सांगायला लावला. काय करत होता, कोणाबरोबर, तेव्हा कसं वाटत होतं. बरं वाटण्याच्या यादीत कामावर जातानाचा प्रवास तळाला. माणसांत असण्याचे प्रसंग वरच्या बाजूला. पुढे २००८ मध्ये स्टुट्झर आणि फ्राय यांनी जर्मनीतल्या आकडेवारीवरून दाखवलं की लांबचा प्रवास करणाऱ्यांना पगारात किंवा घरात जे जास्तीचं मिळतं त्याने प्रवासाची झीज भरून निघत नाही. शुद्ध अर्थशास्त्राच्या हिशेबाने हे घडायलाच नको. माणूस हिशेब करून घर निवडतो, मग तोटा कशाला सहन करील? कळवा ते सीएसएमटी ३६ किलोमीटरच्या आसपास. इथल्या कुणालाही विचारा, घर निवडलं का? तो म्हणेल, निवडलं कसलं, परवडलं.

मात्र टेक्सासच्या बायका गाडीत एकट्या बसून ऑफिसला जात होत्या. आमच्याकडे प्रवास आणि माणसांत असणं या दोन टोकांच्या गोष्टी एकाच डब्यात असतात. लेडीज डब्यात हळदीकुंकू होतं, दसऱ्याला झेंडूची तोरणं बांधली जातात, पुरुषांच्या डब्यात टाळ निघतात, भजनी मंडळाची जागा ठरलेली असते. चौथी सीट हा तर आमचा सामाजिक करार. तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्ध्या मांडीवर टेकायचं आणि बाकीच्यांनी न बोलता सरकायचं. समाधान मोजणाऱ्या प्रश्नावलीत या चौथ्या सीटला कुठे घालायचं? ती सोय आहे म्हणावं तर कंबर धरते, हाल म्हणावं तर त्या टेकण्यात कुणीतरी आपल्याला जागा करून दिल्याचं सुख असतं.

इथे एक धोका आहे, आणि तो अमर्त्य सेन यांनी सगळ्यांत स्पष्ट दाखवला. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये सिंगूर भागात आरोग्याची पाहणी झाली होती. तिच्यात विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपली तब्येत बरी नसल्याचं किंवा यथातथाच असल्याचं सांगितलं, विधवांपैकी फक्त २.५ टक्क्यांनी. त्या काळच्या बंगालात विधवेची तब्येत विधुरापेक्षा चांगली असेल यावर कोण विश्वास ठेवील? सोसायची सवय झालेला माणूस तक्रार करत नाही, आणि तक्रार नाही म्हणून दुःख नाही असं मानणं हा संशोधकाचा आळस. म्हणून सेन म्हणतात, तुला कसं वाटतं एवढ्यावर थांबू नका, तुला काय करता येतं ते पाहा. २००१ मध्ये बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी कोलकात्यात ८३ गरीब माणसांशी बोलून लिहिलं, की एकूण आयुष्याबद्दल ती किंचित नाराज असली तरी घरची माणसं, मित्र, स्वतःची नीतिमत्ता याबद्दल बऱ्यापैकी समाधानी होती. हा निष्कर्ष खोटा आहे असं मी म्हणणार नाही. फक्त तो हातात घेऊन कोणी धोरण आखायला बसला की मला सिंगूरच्या विधवा आठवतात.

आपल्या महाराष्ट्रात या विषयाची एक जुनी, जास्त कोरडी पण प्रामाणिक परंपरा होती. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेघ रोजच्या २२५० उष्मांकांवरून ओढली. माणसाच्या पोटात किती जातं, एवढंच. त्यावर पुष्कळ टीका झाली, ती रास्तही होती. पण त्या मोजमापात एक गुण होता: सरासरी सुधारली म्हणून उपाशी माणूस त्यात लपत नसे. कल्याणाच्या नव्या मापांना हा गुण परत मिळवायचा आहे.

आता हवामानाचं अर्थशास्त्र. २००६ मध्ये निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या अहवालात म्हटलं, की काहीच केलं नाही तर जगाच्या उत्पन्नाचा ५ ते २० टक्के भाग कायमचा गमवावा लागेल, आणि आवर घालायचा खर्च एक टक्क्याच्या आसपास येईल. हेच स्टर्न सत्तरच्या दशकात उत्तर प्रदेशातल्या पालनपूर नावाच्या गावात राहून गहू पिकवणाऱ्यांचा अभ्यास करत होते. हवामानावर लिहिणाऱ्या किती जणांनी इतक्या जवळून शेत पाहिलंय, असा प्रश्न मला नेहमी पडतो. अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी स्टर्न यांच्यावर हल्ला चढवला तो व्याजदरावरून. शंभर वर्षांनी होणारं एक लाखाचं नुकसान आज किती रुपयांचं धरायचं? स्टर्न यांचा दर १.४ टक्के, त्याने ते आज साधारण २५ हजारांचं ठरतं. पाच टक्के धरला तर ७६० रुपयांचं. नातवंडांचं दुःख स्वस्त की महाग हे एका दशांश चिन्हावर ठरतं. नॉर्डहाउस म्हणाले, दर बाजारात दिसतो तोच घ्या. आता गंमत पाहा. आमच्या ठाण्याच्या खाडीखालून बुलेट ट्रेनचा बोगदा चाललाय, बीकेसी ते शीळफाटा २१ किलोमीटर, त्यातले सात पाण्याखालून. त्यासाठी जपानकडून पन्नास वर्षांच्या मुदतीचं कर्ज मिळालं ते ०.१ टक्क्याने. पुढच्या पिढीचं हित निव्वळ ‘नंतरचं’ म्हणून किती कमी धरायचं, यासाठी स्टर्न यांनी घेतलेला आकडाही ०.१ टक्काच होता. बाजारात मिळत नाही म्हणून ज्याची चेष्टा झाली तो आकडा करारपत्रावर सही करून मिळतो. तेव्हा दर आकाशातून पडत नाहीत, ज्या कामाची निकड वाटते त्याच्यासाठी ते ठरवता येतात.

नॉर्डहाउस यांच्या १९९१ च्या लेखातलं एक गृहीतक मला जास्त खटकतं. अमेरिकेच्या उत्पन्नापैकी जवळपास ८७ टक्के अशा उद्योगांतून येतं ज्यांना हवामान बदललं काय आणि न बदललं काय, फारसा फरक पडणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. शेती उघड्यावर असते, कारखाना छपराखाली. म्हणजे छप्पर आलं की ऊन संपलं. हे वाक्य कुणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी दोन वाजता म्हणून दाखवावं.

या गृहीतकाला उत्तर आलं ते भारतातूनच. ई. सोमनाथन, रोहिणी सोमनाथन, अनंत सुदर्शन आणि मीनू तिवारी यांनी देशभरच्या कारखान्यांची आकडेवारी तपासून २०२१ मध्ये दाखवलं, की वर्षाचं तापमान एक अंशाने वाढलं तर कारखान्याचं उत्पादन दोन टक्क्यांच्या आसपास घटतं. त्याचं कारण घाम गाळणारा माणूस. त्या अभ्यासातला सगळ्यांत बोलका भाग बहुतेक जण ओलांडून जातात. जिथे मालकाने कामाची जागा थंड केली होती तिथे कामाचा वेग घसरायचा थांबला, पण गैरहजेरी थांबली नाही. उकाड्याचे दिवस आले की माणसं येईनाशी होतात, मग कारखाना कितीही गार असो. कारण माणूस कारखान्यात आठ-दहा तास असतो आणि उरलेला वेळ घरात.

हे घर कसं असतं ते सांगतो. इस्त्रीवाले काका पारसिक डोंगराच्या उतारावर राहतात. एका एप्रिलमध्ये त्यांच्याकडे काही निमित्ताने रात्री साडेदहाला गेलो होतो. दहा बाय बाराची खोली, वर सिमेंटचा पत्रा. दिवसभर त्या पत्र्याने ऊन पिऊन घेतलेलं, आता ते आत सोडत होता. भिंतीला हात लावला तर इस्त्री नुकतीच बाजूला ठेवल्यासारखी. पंखा फिरत होता, वारा गरम. काकूंनी पत्र्यावर गोणपाटं टाकून संध्याकाळी पाणी मारलं होतं, पण पाणी एक दिवसाआड, तेव्हा तेही हात आखडून. पोरं दाराबाहेर पायरीवर झोपलेली, डासांसाठी एका थाळीत कडुलिंबाचा पाला धुमसत होता. काका दिवसभर कोळशाच्या इस्त्रीपुढे उभे राहून आले होते आणि आता झोप यायची वाट बघत बसले होते. “एक वाजता जरा गार पडतं,” ते म्हणाले. पाचला पाणी येतं. मधले चार तास झोपेचे. त्या आठवड्यात ठाण्याचा पारा चाळिशीलाही शिवला नव्हता.

किनारपट्टीचा उकाडा आकड्यात मावत नाही तो असा. हवामान खातं किनाऱ्यावर ३७ अंश झाल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं, मैदानी भागात ४० वर. हवेत ओल इतकी की घाम येतो पण वाळत नाही, आणि शरीर गार होतं ते घाम वाळण्याने. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले, तेव्हाही पारा विदर्भाच्या मानाने काहीच नव्हता. पण खारघरसारखा प्रसंग बातमी होतो. काकांची रात्र कधीच बातमी होत नाही, आणि अशा रात्री वर्षाला किती ते कोणी लिहून ठेवत नाही.

झोपेवर मात्र अलीकडे चांगलं काम झालंय. २०२२ मध्ये केल्टन मायनर आणि सहकाऱ्यांनी ६८ देशांतल्या ४७ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटी पट्ट्यांवरून हिशेब काढला, की उबदार रात्रींमुळे माणसाची वर्षाला सुमारे ४४ तास झोप आजच बुडते आहे, आणि गरीब देशांत, बायकांत, म्हाताऱ्यांत हा फटका जास्त. पण मनगटी पट्टा कोणाकडे असतो? पत्र्याखालच्या रात्री त्या नोंदीत आलेल्याच नाहीत, तेव्हा खरा आकडा काय असेल कल्पना करावी. चेन्नईत मात्र संशोधक खरोखर गरीब वस्तीतल्या माणसांपर्यंत पोचले. ४५२ जणांना झोप मोजण्याची यंत्रं बांधली तेव्हा दिसलं, की माणसं आठ तास अंथरुणावर असतात आणि साडेपाच तास झोपतात. बाकी वेळ उकाडा, डास, आवाज. मग त्यांना उशी, डोळ्यांवरची पट्टी, पंखा, वर पैसे असं देऊन रात्रीची झोप अर्ध्या तासाने वाढवली. कामात काही फरक पडला नाही! झोपेचा वेळ वाढला तरी ती तुटकच राहिली असावी. काही जणांना कामाच्या जागी दुपारी अर्धा तास शांत खोलीत झोपू दिलं. त्यांचं काम सुधारलं, मन बरं राहिलं, बचतही थोडी वाढली. पुण्याच्या दुकानदारांची एक ते चारच्या वामकुक्षीवरून आपण इतकी वर्षं थट्टा करत आलो, ती २०२१ मध्ये जगातल्या एका मानाच्या अर्थशास्त्रीय नियतकालिकाने अशी मागे घ्यायला लावली.

आता तिसरा धागा, कार्बनचा. आपल्या देशाचं माणशी उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेचं त्याच्या सातपट. आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये हा आकडा आपण ढालीसारखा पुढे करतो, आणि तो खराही आहे. पण या सरासरीत पाली हिलचा माणूस आणि पारसिकच्या उताराचा माणूस एकाच रांगेत बसतात. लोकलने फिरणारा, एका खोलीत चौघं राहणारा, एक पंखा आणि दोन दिवे वापरणारा कळवेकर जगाच्या कुठल्याही हवामान आराखड्यात आदर्श ठरेल. त्याची बेरीज कमी आहे ती त्याने सोसल्यामुळे. त्याच्या अंगाला लागलेला प्रत्येक घामाचा थेंब आपल्या हरित कामगिरीत जमेला धरलेला आहे. एसी लोकल अडवली गेली तेव्हा मला हेच दिसलं. ज्यांनी आधीच काटकसरीचं जगणं जगून दाखवलंय त्यांनाच आपण म्हणत होतो, गारवा हवा तर जास्तीचे पैसे टाका.

यावर उपाय काय, याचं संशोधन गेल्या दहा वर्षांत भलतंच पुढे गेलंय, आणि या सगळ्या आढाव्यात आशेने वाचावा असा भाग तोच आहे. नरसिंह राव आणि जिहून मिन यांनी २०१८ मध्ये प्रश्न उलटा घातला. उत्पन्न किती हवं ते विचारूच नका. माणसाला नीट जगायला काय काय लागतं त्याची यादी करा: घर, त्या घरात सोसेल असं तापमान, पाणी, संडास, स्वयंपाकाचं इंधन, फ्रिज, फोन, प्रवास, दवाखाना, शाळा. मग त्या यादीला किती ऊर्जा लागते ते मोजा. पुढच्याच वर्षी भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका या तीन देशांसाठी त्यांनी ते मोजून दाखवलं. २०२० मध्ये जोएल मिलवर्ड-हॉपकिन्स आणि सहकाऱ्यांनी जगासाठी हिशेब केला: सगळ्यांना हे सगळं द्यायचं ठरवलं, चांगलं तंत्रज्ञान वापरलं आणि चैनीला कात्री लावली, तर २०५० मध्ये लोकसंख्या तिप्पट असूनही जगाला १९६० च्या दशकाइतकीच ऊर्जा पुरेल. दांडेकर-रथांच्या उष्मांकांचं हे नवं रूप म्हणायला हरकत नाही. २०२२ च्या आयपीसीसी अहवालातल्या जयश्री रॉय यांच्या पुढाकाराने लिहिलेल्या प्रकरणातही मागणीच्या बाजूने बदल केले तर २०५० पर्यंत उत्सर्जन ४० ते ७० टक्के घटू शकतं, आणि त्यातले बरेच बदल माणसाचं जगणं सुखाचंच करतात, असं म्हटलंय. युरोपातल्या ‘विकास थांबवा’ म्हणणाऱ्या मंडळींशी माझं इथे जमत नाही. त्यांच्याकडे कापायला बरंच आहे. काकांच्या खोलीत काय कापणार?

पण यादी करणं सोपं, ती अंमलात आणताना कुणाची मिनिटं कुणाच्या घरासमोर ठेवायची हा प्रश्न राहतोच. ऐरोली-कळवा उन्नत मार्गाचं घ्या. कल्याणहून नवी मुंबईला जाणाऱ्याला ठाण्यात उतरून गाडी बदलावी लागू नये म्हणून तो आखला. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं. उरलेला भाग अडला आहे तो वाटेतल्या हजाराच्या आसपास घरांवर. रोज लाखो लोकांची दहा-पंधरा मिनिटं एका पारड्यात टाकली तर कागदावर ती घरं कधीच हरलेली असतात. आणि अशा हिशेबांत मिनिटाचं मोलही बहुधा पगारावरून काढतात, म्हणजे मोटारवाल्याचं मिनिट जड, भांडी घासायला जाणाऱ्या बाईचं हलकं. घरकामाच्या मिनिटांना तर भावच नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. ब्रिटनच्या अर्थखात्याने २०२१ मध्ये समाधानाच्या एका गुणाला वर्षाला १३ हजार पौंड असा दर ठरवून दिला, गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच. या आकड्याची मला गंमत वाटते, तरी सगळ्यांना एकच दर ही कल्पना मी आपल्या नियोजन खात्याला भेट म्हणून द्यायला तयार आहे.

त्या हजार घरांतली माणसं उतारावरून किंवा रुळाकाठून उठवून लांब नेली की त्यांच्या प्रवासाचा तास वाढतो, आणि टेक्सासच्या अभ्यासाच्या यादीत ती तळाला जातात. न उठवावं तर जुलै २०२१ आठवतो, घोलाईनगरात दरड कोसळून एकाच घरातली पाच माणसं गेली. दोन्हीकडे तोटाच आहे. म्हणून पुनर्वसन हा हवामान धोरणाचा गाभा आहे असं मला वाटतं. आपल्याकडे तो अजून ‘प्रकल्पातला अडथळा’ या सदरात पडतो.

ठाणे महापालिकेने २०२४ मध्ये सीईईडब्ल्यू या संस्थेच्या मदतीने उष्णतेचा कृती आराखडा केला. अहमदाबादने २०१३ मध्ये केलेला देशातला पहिला. राज्याचं माझी वसुंधरा अभियान आहे, मुंबईचा स्वतंत्र हवामान आराखडा २०२२ पासून आहे. कागद झाले, हे काही कमी नाही. माझा कल मात्र पत्र्याकडे आहे. पांढऱ्या परावर्तक रंगाचा एक हात दिल्याने खोली काही अंशांनी उतरते, हे अहमदाबादच्या वस्त्यांत करून पाहिलेलं आहे. तेलंगणने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणच आणलं. देशाचा शीतकरण आराखडा २०१९ चा, त्यात सर्वांना सुसह्य तापमान असं उद्दिष्ट लिहिलंय आणि वीस वर्षांत गारव्याची मागणी आठपट होईल असा अंदाजही. तो गारवा सगळा एसीतून आला तर प्रत्येक खिडकीतली गरम हवा खालच्या गल्लीत जाईल, आणि ती गल्ली काकांची असेल.

लोकलच्या दारांचं मात्र काहीतरी हलतंय. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरलेल्या लोकल शेजारून गेल्या, दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, काहींचा जीव गेला. मुंबईच्या उपनगरी रुळांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, पण त्या दिवशी रेल्वेने जाहीर केलं की यापुढच्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं असतील. दार बंद झालं तर साध्या डब्यात श्वास कोंडेल, म्हणून दाराला झडपा ठेवायच्या, छतावरून हवा आत ढकलणारी यंत्रं बसवायची, आणि डबे आतून जोडायचे, म्हणजे गर्दी पांगेल. तिकीट साध्या डब्याचंच. ज्यांनी ही रचना आखली त्यांनी पिगू किंवा सेन वाचले असतील असं नाही, पण कमी भाड्यात, कमी विजेवर, माणूस जिवंत आणि श्वास घेत घरी पोचावा, हा प्रश्न त्यांनी नीट मांडलाय.

काकांना मी हे सांगितलं. त्यांनी इस्त्री बाजूला टेकवली, कॉलरवर पाणी शिंपडलं आणि म्हणाले, “पण दार लागल्याशिवाय गाडी हलणार नाही ना? मग कळव्याला ती थांबून राहील का, आम्ही सगळे आत जाईपर्यंत?”